फ्लाय निवडताना: आधी खोली, मग आकारमान, रंग सगळ्यात शेवटी

फ्लाय फिशिंगच्या दुकानात पहिल्यांदा गेलेला माणूस गोंधळून जातो आणि त्यात त्याचा काही दोष नसतो. काचेखालच्या कप्प्यांत शेकडो फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेले नकली किडे, मांडलेल्या असतात. प्रत्येकीला नाव असतं, नंबर असतो आणि विकणारा प्रत्येकीची तारीफ करत असतो. मग गिऱ्हाईक डोळ्यांत भरेल ती उचलतं, आणि डोळ्यांत भरते ती बहुतेक वेळा भडक रंगाची असते. नदीवर गेल्यावर ती चालली नाही की दुसरी, मग तिसरी. अशानं डबी भरत जाते, पण कळत काहीच नाही.

मला वाटतं, ‘ही कोणत्या किड्यासारखी दिसते?’ हा प्रश्न नंतरचा आहे. आधी विचारायला हवं ते हे, की मासा आत्ता पाण्याच्या कोणत्या थरात खातोय? थर ठरला की आकारमान बघावं, त्यानंतर अंगाची ठेवण, आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी वळावं. हा क्रम का, ते पुढे सांगतो. उदाहरणाला हिमाचलमधली तीर्थन नदी घेतो. कुलू जिल्ह्यातल्या बंजार भागातून वाहत ती लारजीजवळ बियासला मिळते. तिच्यात ब्राउन ट्राउट आणि रेनबो ट्राउट दोन्ही आहेत. महाराष्ट्रातून तिकडे जाणारे बरेच असतात आणि फ्लाय रॉड पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला ही नदी पुष्कळ शिकवते.

ट्राउट मूळचा आपला मासा नाही. 1900 च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरला आणली गेली, तिथे तो रुजला, आणि 1909 मध्ये काश्मीरहून तो कुलूच्या खोऱ्यात पोहोचला. थंड, स्वच्छ, खळाळतं पाणी त्याला लागतं, आणि अशाच पाण्यात त्याचं खाद्यही वाढतं. इथे खाद्य म्हणजे मुख्यतः पाण्यात राहणारे किडे. फ्लाय म्हणजे गळावर पिसं, केस, लोकर, दोरा आणि तार गुंडाळून तयार केलेली अशा किड्याची नक्कल.

ही नक्कल वजनाला जवळजवळ काहीच नसते. कोकणात गरी टाकताना शिशाचं वजन पुढे जातं आणि तंगूस त्याच्यामागे ओढला जातो. इथे सगळा मामला उलटा असतो. जाड, जड फ्लाय लाइन हवेत पुढेमागे झुलवून पुढे सोडायची आणि तिनं फ्लायला सोबत न्यायचं. लाइनच्या टोकाला निमुळता होत जाणारा लीडर असतो, साधारण 9 फुटांचा. त्याच्या शेवटी टिपेट, म्हणजे सगळ्यात बारीक तंगूस. फ्लाय बांधायची ती या टिपेटला.

आता किड्यांकडे वळू. ट्राउटच्या नदीत चार जाती ओळखता आल्या तरी पुष्कळ झालं: मेफ्लाय, कॅडिस, स्टोनफ्लाय आणि पाण्यातली चिलटं.

मेफ्लायचं बहुतेक सगळं आयुष्य पाण्याखाली जातं, कित्येक महिने किंवा त्याहून जास्त. त्या अवस्थेला निम्फ म्हणतात. वेळ आली की निम्फ पृष्ठभागावर येते, तिची कात फाटते आणि पंख असलेला किडा बाहेर पडतो. तो क्षणभर पाण्यावर बसून वाहत जातो, त्याचे पंख शिडासारखे उभे असतात. हा पहिला पंखवाला अवतार मळकट रंगाचा असतो, त्याला डन म्हणतात. काठावरच्या झाडावर बसून तो आणखी एकदा कात टाकतो आणि काचेसारख्या पंखांचा स्पिनर होतो. पंख फुटल्यावर पुन्हा कात टाकणारा दुसरा कीटक नाही. पंख फुटलेल्या मेफ्लायला खाण्याजोगं तोंडच नसतं. जोडी जमवायची, अंडी घालायची आणि मरायचं, एवढंच काम उरलेलं असतं, आणि ते बहुतेकदा एकदोन दिवसांत उरकतं. अंडी घातल्यावर स्पिनर पंख पसरून पाण्यावर पडतात. संध्याकाळी ट्राउट ते आरामात टिपत बसतो, कारण मेलेला किडा पळून जात नाही.

कॅडिसची तऱ्हा वेगळी. तिची अळी वाळूचे कण, काड्या, पाचोळा यांना आपल्या रेशमाने चिकटवून घर बांधते आणि त्यात राहते. (काही जाती घर न बांधता मोकळ्याच राहतात.) पुढे कोष होतो आणि कोषातून निघालेला किडा पाण्यातून झपाट्याने वर येतो. ट्राउट त्याच्यामागे धावतो, म्हणून कॅडिस निघत असताना पाण्यावर जोरात फटकारे दिसतात. बसलेल्या कॅडिसचे पंख पाठीवर कौलारू छपरासारखे उतरते असतात. स्टोनफ्लायची निम्फ सरपटत काठावरच्या दगडावर येऊन कात टाकते. तीर्थनच्या काठी धोंड्यांवर तपकिरी, पोकळ साली चिकटलेल्या दिसल्या तर त्या बहुधा तिच्याच. म्हणजे स्टोनफ्लाय ट्राउटच्या पोटात जाते ती मुख्यतः निम्फ असतानाच. चिलटं अगदी बारीक असतात, पण वर्षभर असतात, आणि थंडीत दुसरं काही नसतं तेव्हा मासा त्यांच्यावरच दिवस काढतो.

हे सगळं पाठ करायची गरज नाही. नदीवर पोहोचलात की रॉड जोडण्याआधी उथळ धारेतला तळहाताएवढा एक दगड उचला आणि उलटा करा. ओल्या बाजूला काहीतरी हलेल. चपटं अंग, दगडाला घट्ट धरून बाजूला सरकणारं, पोटाच्या दोन्ही कडांना थरथरणारे पातळ पापुद्रे: ते कल्ले, आणि ही मेफ्लायची निम्फ. शेपटीचे धागे बहुधा तीन असतात, काही जातींत दोन. दोनच शेपट्या आहेत आणि पोटाच्या कडेला असे पापुद्रे नाहीत, तर ती स्टोनफ्लाय. दगडाला चिकटलेली वाळूची नळी दिसली तर आत कॅडिसची अळी आहे. त्यांची लांबी बघा, रंग बघा, दगड जसा होता तसा परत ठेवा. या दोन मिनिटांत जे कळतं ते दुकानदार सांगू शकत नाही.

दगडाखाली इतकं काही सापडतं आणि पाण्यावर मात्र बहुतेक वेळ काहीच नसतं, यातच थराच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. ट्राउट आपलं बहुतेक खाणं पाण्याखालीच खातो. पृष्ठभागावर येऊन किडा टिपणारा मासा बघायला सुंदर दिसतो आणि त्यामुळेच लोक तरंगत्या फ्लायच्या प्रेमात पडतात. पण दिवसातला बराचसा वेळ तो तळाशी, दगडाच्या आडोशाला उभा राहून वाहत येणाऱ्या निम्फ टिपत असतो.

सगळ्या फ्लायची वर्गवारी याच थरांवर बसते. ड्राय फ्लाय तरंगते. इमर्जर पृष्ठभागाच्या पापुद्र्यात अर्धी बुडून लटकते, कात फाडून बाहेर पडणाऱ्या किड्यासारखी. वेट फ्लाय पृष्ठभागाच्या जरा खाली वाहते. निम्फ तळाजवळ जाते. स्ट्रीमर हा या सगळ्यांपेक्षा मोठा प्रकार असतो आणि तो किड्याची नाही, लहान माशाची किंवा जळवेची नक्कल करतो.

मासा कुठे खातोय हे पाण्याकडे पाहून बरंचसं ओळखता येतं. तरंग उठला आणि मध्ये बुडबुडा राहिला, तर त्यानं पृष्ठभागावरचा किडा घेतला, कारण किड्याबरोबर तोंडात गेलेली हवा तो कल्ल्यांतून बाहेर सोडतो. पाठ आणि शेपटी दिसली पण बुडबुडा नाही, तर तो पृष्ठभागाच्या खाली, वर येऊ पाहणाऱ्या निम्फवर आहे. ही खूण ओळखायला नवखे लोक फार चुकतात. मासे वर येताहेत म्हणून ड्राय फ्लाय टाकत राहतात आणि मासा चार बोटं खाली जेवत असतो. अशा वेळी त्याच आकाराची इमर्जर बांधली की काम होतं. काहीच हालचाल दिसत नसेल तर सरळ निम्फ बांधावी.

याच प्रश्नावर इंग्लंडमध्ये कित्येक दशकं वाद चालला होता. हॅम्पशायरमधल्या टेस्ट आणि इचिन या चुनखडीच्या नद्या म्हणजे काचेसारखं पाणी. फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तिथे ड्राय फ्लायचं शास्त्र बांधलं. दिसणारा मासा, तो खात असलेला नेमका किडा आणि त्याचीच तरंगती नक्कल, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या अनुयायांनी त्याचा नियमच करून टाकला. जी. ई. एम. स्क्यूज हे पेशाने वकील, इचिनवर मासेमारी करणारे. त्यांनी माशांच्या पोटात काय आहे ते तपासलं आणि साधी गोष्ट मांडली: मासा पाण्याखाली निम्फ खात असेल तर त्याला निम्फच द्यावी. 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये यावर चर्चाही झाली. मी पूर्णपणे स्क्यूज यांच्या बाजूचा आहे. हॅलफर्ड यांचं निरीक्षण थोरच होतं, पण माशाने कुठे खावं हे आपण ठरवू शकत नाही.

यापुढचं पाऊल टाकलं फ्रँक सॉयर यांनी. विल्टशायरमध्ये एव्हन नदीची राखण करणं हेच त्यांचं काम होतं, त्यामुळे त्यांचा दिवस पाण्यात बघण्यातच जायचा. त्यांनी बांधलेली फेझंट टेल निम्फ बघितली की फ्लाय म्हणजे काय ते समजतं. साहित्य दोनच: फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तांबूस धागे आणि बारीक तांब्याची तार. दोरा नाहीच, तारच दोऱ्याचं काम करते आणि तीच वजनही देते. छातीच्या जागी तारेचा उंचवटा, त्यावरून धागे पुढेमागे दुमडलेले, मागे त्याच धाग्यांची टोकं शेपटी म्हणून सोडलेली. पाय मुळीच नाहीत. पोहताना निम्फ पाय अंगाशी आवळून घेते हे सॉयर यांनी पाहिलं होतं, म्हणून त्यांनी पाय बांधलेच नाहीत. ती पाण्यात पडली की लगेच बुडते आणि रॉडचं टोक हलकेच उचललं की वर येऊ लागते, खऱ्या निम्फसारखी. एखादा विशिष्ट किडा हुबेहूब उभा करण्याचा तिचा आवेश नाही. आकारमान, ठेवण आणि खोली या तीन गोष्टी मात्र तिने अचूक पकडल्या आहेत. जगभरच्या ट्राउटच्या नद्यांवर ती अजून चालते, तीर्थनवरही.

रंग शेवटी का, हे समजायला माशाच्या जागी जाऊन वर बघावं लागतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे खालून बघणाऱ्या माशाला वरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या साधारण सव्वादोन पट असतो. मासा 30 सेंटिमीटर खाली असेल तर खिडकी जेमतेम 68 सेंटिमीटरची. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात नदीचा तळ दिसतो. तरंगत येणारा किडा आधी या आरशात शिरतो, तेव्हा माशाला दिसतात फक्त त्याच्या पायांनी पृष्ठभागावर पाडलेले खळगे, प्रकाशाचे ठिपके. मग खिडकीच्या कडेशी पंखांची टोकं दिसतात. शेवटी अख्खा किडा दिसतो तो उजळ आभाळाच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे मुख्यतः छायाकृती. ट्राउटला रंग चांगले दिसतात, यात शंका नाही. पण ड्राय फ्लायच्या बाबतीत तो निर्णय घेतो तोवर ठिपक्यांची मांडणी, आकारमान आणि छायाकृती हेच त्याच्यापुढे आलेलं असतं.

ड्राय फ्लायवर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळतात, त्याला हॅकल म्हणतात. ते बांधण्यामागे हेच कारण आहे. त्याचे ताठ धागे पृष्ठभागावर टेकतात, फ्लाय तरंगत ठेवतात आणि खालून पायांसारखे ठिपके पाडतात. 1922 मध्ये मिशिगनमध्ये लेनर्ड हॅलडे यांनी बांधलेली ॲडम्स ही राखाडी अंगाची, तपकिरी आणि ठिपकेदार हॅकल मिसळलेली फ्लाय कोणत्याच एका किड्याची नक्कल नाही. तरीही डझनावारी किड्यांच्या जागी ती खपते, कारण खालून ती ‘किडा’ म्हणून पटते. तिचा पॅराशूट प्रकार मला नवख्यांसाठी जास्त योग्य वाटतो. त्यात हॅकल आडवं गुंडाळलेलं असतं, अंग पृष्ठभागाला टेकून बसतं आणि वर पांढरा तुरा असतो, तो आपल्याला लांबून दिसतो. आपली फ्लाय कुठे आहे हे दिसणं फार गरजेचं असतं.

कॅडिससाठी अल ट्रॉथ यांची एल्क हेअर कॅडिस घ्यावी. एल्क हे मोठं हरीण. त्याचे केस आतून पोकळ असतात, त्यामुळे ही फ्लाय खळाळत्या पाण्यातही बुडत नाही. तीर्थनसारख्या उतारावरच्या नदीत तिचा फार उपयोग होतो.

आकारमानाचे नंबर उलटे चालतात, हे एकदा डोक्यात बसवून घ्यावं. 10 नंबरचा गळ मोठा, 20 नंबरचा अगदी बारीक. 16 नंबरच्या फ्लायचं अंग गव्हाच्या दाण्याएवढं असतं. डोंगरी नदीत 12 ते 18 या नंबरांत बहुतेक काम भागतं. दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्यावी. वाहत्या पाण्यात किडा आपल्याला दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात लहान असतो, असा माझा अनुभव आहे. टिपेटलाही नंबर असतात, तेही उलटेच: 0एक्स म्हणजे 0.011 इंच जाड, आणि पुढच्या प्रत्येक एक्सला एक हजारांश इंच कमी. म्हणजे 5एक्स 0.006 इंच, साधारण 0.15 मिलिमीटर. फ्लायच्या नंबराला 3 ने भागलं की टिपेटचा नंबर मिळतो. 12 ला 4एक्स, 16 ला 5एक्स. जाड टिपेटला बारीक फ्लाय बांधली तर ती ताठ उभी राहते, मोकळी वाहत नाही.

आणि मोकळं वाहणं हे फ्लायच्या निवडीइतकंच मोठं आहे. नदीत शेजारशेजारच्या धारा वेगवेगळ्या वेगाने धावतात. मधली जोराची धार लाइनला ओढते आणि फ्लाय पाण्यावर घसरत जाते, मागे बारीक रेघ उमटते. खरा किडा असा घसरत नाही. मासा जवळ येऊन परत फिरला, तर फ्लाय बदलण्याआधी ती ओढली जात होती का ते बघा. दोन पावलं सरकून, लाइन थोडी ढिली ठेवून पुन्हा टाका. अंडी घालणारी कॅडिस मात्र पाण्यावर खरंच फडफडते, तिच्या नकलेला थोडा हिसका दिला तर चालतो.

निम्फच्या बाबतीत हाच हिशोब खोलीचा होतो. ती तळाजवळ पोहोचली नाही तर कितीही सुबक असली तरी उपयोग नाही. त्यासाठी डोक्याशी मणी ओवलेल्या निम्फ मिळतात. टंगस्टनचा मणी पितळेच्या तेवढ्याच मण्यापेक्षा दुपटीहून जड असतो, म्हणून जोराच्या, खोल धारेत टंगस्टन घ्यावा आणि उथळ, संथ पाण्यात पितळ किंवा बिनमण्याची. वाहताना निम्फ अधूनमधून दगडाला टेकल्याचं जाणवलं पाहिजे. काहीच जाणवत नसेल तर ती वर आहे. सारखी अडकत असेल तर जास्त जड झाली.

आता एप्रिलमधली एक सकाळ धरू. पाणी स्वच्छ आहे, अजून बर्फाचं दुधाळ पाणी उतरलेलं नाही. ऊन दरीत पोहोचलेलं नाही, पाण्यावर काही हालचाल नाही. 14 नंबरची मण्याची फेझंट टेल बांधायची आणि धोंड्यांच्या मागच्या संथ जागांच्या कडेने तळाशी वाहू द्यायची. ऊन वर आलं की किडे दिसू लागतात. अजून मासे वर येत नसले तरी आता एल्क हेअर कॅडिस बांधावी आणि तिच्या गळाच्या वाकाला हात-दीड हात टिपेट बांधून खाली निम्फ सोडावी. वरची फ्लाय तरंगते, खुणेचंही काम करते. ती थबकली किंवा बुडाली की रॉड उचलायचा. दुपारी बुडबुड्याचे तरंग दिसू लागले की निम्फ काढून टाकावी. संध्याकाळी उजेड उतरताना गडद फ्लाय घ्यावी, आभाळासमोर तिची आकृती ठळक उठते. पावसाने पाणी गढूळ झालं असेल तर वरच्या साऱ्या नाजूक हिशोबाला अर्थ उरत नाही. तेव्हा काळा किंवा ऑलिव्ह रंगाचा वुली बगर हा स्ट्रीमर घ्यावा. त्याची मऊ पिसांची शेपटी पाण्यात लवलवते आणि अंधुक पाण्यातही माशाला हालचाल कळते. पावसाळ्याच्या तोंडाशी काठच्या गवतातून नाकतोडे, मुंग्या, भुंगे पाण्यात पडतात. त्यांच्या फ्लाय दिसायला ओबडधोबड असतात, पण तेव्हा त्या चालतात.

महसीरला कोणती फ्लाय, असं मराठी वाचक हमखास विचारतात. महसीर ट्राउटसारखा किड्यांच्या एका अवस्थेवर अडून बसत नाही. पडलेली फळं, शेवाळ, शिंपले, लहान मासे, सगळं खातो, म्हणून त्याला मोठे स्ट्रीमर आणि भक्कम गळ लागतात. पण आपल्याकडचा महसीर आधीच अडचणीत आहे. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात अनेक वर्षांपासून त्याची पिल्लं वाढवली जातात, महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोकांनी त्याला राखलं आहे. फ्लाय शिकायची तर ट्राउटवर शिकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिल्या डबीसाठी फेझंट टेल, हेअर्स इअर ही सशाच्या लोकरीची निम्फ, पॅराशूट ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस आणि वुली बगर एवढ्या पुरतात. वुली बगर 8 किंवा 10 नंबरचा, बाकीच्या 12, 14, 16 नंबरांत. एकेका नंबराच्या दोन-तीन घ्याव्यात, कारण झाडांना आणि दगडांना पहिल्या दिवशी बऱ्याच जातात. एकाच नमुन्याचे वेगवेगळे नंबर जवळ असणं हे वेगवेगळे वीस नमुने जवळ असण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे.

हिमाचलमध्ये ट्राउटसाठी मत्स्यविभागाचा परवाना घ्यावा लागतो आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी प्रजननाच्या काळात मासेमारी बंद असते. परवान्यावरच्या अटी वाचून घ्याव्यात, एका लाइनला दोन फ्लाय बांधायच्या असतील तर विशेषच. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करावा. मासा ओल्या हाताने धरून पाण्यातच सोडवता येतो आणि त्याच्या तोंडाला इजा कमी होते. खोलीवर परतल्यावर फ्लायची डबी रात्रभर उघडी ठेवावी. ओल्या फ्लाय बंद डबीत राहिल्या की गळ गंजतात आणि गंजलेला गळ ऐन वेळी तुटतो.